जुन्या जीपची वायरिंग: नवा हार्नेस घालायच्या आधी अर्थिंग बघ

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. गारगोटीकडचा एक तरुण आहे, वडिलांची १९९२ ची महिंद्राची डिझेल जीप तीन वर्षं गोठ्याशेजारच्या शेडात उभी होती आणि आता तो ती परत रस्त्यावर आणायला बघतोय. नवी बॅटरी घातली, इंजिन चालू झालं, पण हेडलाइट पिवळे मंद जळतात, उजवा इंडिकेटर दिला की टेल लॅम्पपण सोबत उघडझाप करतो, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, एक फ्यूज लावला की लगेच उडतो आणि डॅशबोर्डखाली हात घातला की वायरींचं प्लास्टिक पापडासारखं तुटून हातात येतंय. एका गॅरेजवाल्याने सांगितलं सगळी वायरिंग, म्हणजे वायरींचा आख्खा जुडगा (हार्नेस), काढून नवीन टाकायला लागेल. याला वायरिंगमधलं काही येत नाही, स्वतः केलं तर जमेल का, सुरुवात कुठून करू, आणि वडिलांनी वेगळ्या स्विचवर लावलेला दुसरा हॉर्न ठेवू की काढू, असं विचारलंय.

जमेल भावा. मी कोल्हापुरात २६ वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतोय आणि शिकायला जीपइतकी चांगली गाडी मला दुसरी दिसत नाही, कारण तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, सगळं पत्र्यावर उघडं दिसतं आणि यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन चालायला करंट लागतच नाही. म्हणजे तू वायरिंगमध्ये काही चुकलास तरी इंजिन बिघडायची भीती नाही. भीती एकच, आगीची. ती कशी टाळायची ते खाली सांगतोच.

पण आधी ते "सगळी वायरिंग नवीन" बद्दल. तू जी लक्षणं लिहिलीस त्यातली बरीचशी मला वायरीची वाटत नाहीत, अर्थिंगची वाटतात, म्हणजे करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जायची जी वाट असते तिची. इंडिकेटरसोबत टेल लॅम्प लुकलुकणं ही तर अर्थिंगची अगदी ठरलेली खूण. का ते समजून घे, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी वायरिंग समजली. मागच्या लॅम्पच्या डब्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब असतो आणि शेजारी ब्रेक-टेलचा दोन फिलामेंटचा बल्ब, ब्रेकचं २१ वॅट, टेलचं ५ वॅट. या सगळ्यांना प्लस वेगवेगळ्या वायरीने येतो पण परत जायची वाट सगळ्यांची एकच, डब्याचा पत्रा, त्याचा बोल्ट आणि तिथून बॉडी. तो बोल्ट गंजला की वाट बंद. मग इंडिकेटरचा करंट डब्यात येतो, पुढे जायला जागा नाही, म्हणून तो टेलच्या ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेलच्या वायरीने डाव्या लॅम्पपर्यंत जातो आणि डावीकडची अर्थिंग चांगली असली की तिथून बॉडीला उतरतो. पाण्यासारखंच आहे, पाट तुंबला की पाणी शेजारच्या वाफ्यात घुसतं. आता अशा वेळी कोणी मागची सगळी वायर नवीन ओढली तरी तो बोल्ट तसाच राहिला तर इंडिकेटर पुन्हा तसाच नाचणार, आणि तुझे पैसे गेलेले असणार.

तपासायला पाच मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली चारेक मीटरची लांब वायर घे, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टोक लॅम्पच्या डब्याच्या उघड्या पत्र्याला, रंगावर नाही, आणि इंडिकेटर दे. नाचायचं थांबलं, बल्ब स्वच्छ उघडझाप करायला लागला तर दोष सापडला. हीच वायर हेडलाइटच्या अर्थिंगला लावून बघ, हॉर्नच्या ब्रॅकेटला लावून बघ. मला वाटतं तिन्हीकडे काही ना काही फरक पडेल.

जीपमध्ये अर्थिंगचे तीन टप्पे असतात आणि नवखा माणूस पहिलाच बघून सोडतो. बॅटरीच्या मायनसची जाड केबल चासीला किंवा इंजिनला जाते, तो एक. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन ते चासी विणलेल्या तांब्याची पट्टी लागते, तो दुसरा. आणि बॉडीचा टबपण रबरवर ठेवलेला असतो, म्हणून चासी ते बॉडी वेगळी पट्टी पाहिजे, तो तिसरा. कधीतरी क्लचचं किंवा गिअरबॉक्सचं काम निघतं, मेकॅनिक इंजिनची पट्टी सोडतो आणि परत लावायची राहून जाते. मग सेल्फ मारताना शंभर दोनशे अँपिअर करंट वाट शोधतो. एकदा माझ्याकडे एक जीप आली होती, तक्रार अशी की सकाळी सेल्फ मारला की केबिनमध्ये प्लास्टिक जळल्याचा वास येतो. मी बोनेट उघडून उभा राहिलो आणि मालकाला सेल्फ मारायला सांगितलं, तर इंजिन बंद करायच्या ओढ्याची केबल, ती बारीक स्टॉप केबल, तिच्या कव्हरमधून धूर निघायला लागला. इंजिनची पट्टी नव्हतीच, सगळा करंट त्या केबलमधून बॉडीला जात होता. मालकाने आधी दोन वेळा ती केबल बदलून घेतली होती. पट्टी टाकल्यावर विषय संपला.

अर्थिंग करायची कशी तेपण नीट कर. बोल्ट सोड, लग (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) आणि पत्रा दोन्हीकडचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून काढ, रुपयाच्या नाण्याएवढी जागा पांढरी चकचकीत दिसली पाहिजे, मग दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळ, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लाव. आधी ग्रीस लावून मग आवळू नको. तुमच्याकडे पावसाळ्यात चार महिने ओल असते, घासलेला पत्रा उघडा ठेवलास तर पुढच्या वर्षी परत तेच. आणि एकाच बोल्टवर सहा-सात लग चढवू नको, दोन-तीन ठीक.

आता आगीचं. कुठल्याही वायरीला हात लावायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा, आणि काढताना मायनस पहिला, लावताना मायनस शेवटी. याला कारण आहे. प्लस सोडताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असला तर पाना जागेवर वेल्ड होतो, बॅटरी फुटूही शकते. मायनस आधी काढलास की पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेव. हे मी कळकळीने सांगतोय, कड्यावरून शॉर्ट झालेला हात मी बघितलाय, कड्याच्या आकाराचा भाजलेला वण आयुष्यभर राहतो. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ बिडी-काडी नको, त्यातून हायड्रोजन निघतो. आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून "चार्जिंग आहे का बघतो" असं कोणी करायला लागला तर त्याचा हात धर. जुन्या डायनामोच्या काळात ते चालून जायचं, अल्टरनेटरमध्ये त्याने व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड जातात.

अजून एक, आणि हे डिझेलवाल्यांनी लक्षात ठेवायचंच. धूर दिसला आणि चावी फिरवली तरी इंजिन बंद होणार नाही, स्टॉपचा ओढा ओढायला लागेल, आणि चावी बंद केली तरी बॅटरीतून थेट आलेल्या वायरी जिवंतच असतात. म्हणून मी प्रत्येक जुन्या जीपला मायनसच्या केबलवर फिरवायचा कटऑफ स्विच बसवतो. गाडी शेडात लावली की फिरवून बंद. उंदराने रात्री वायर कुरतडली तरी आग लागत नाही आणि बॅटरीपण उतरत नाही. फक्त इंजिन चालू असताना तो फिरवायचा नाही, कारण वर सांगितलं तेच, अल्टरनेटर.

सामान फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, वायरचं कव्हर सोलायचा स्ट्रिपर, लग दाबायचा चांगला क्रिम्पिंग प्लायर, गरम केली की वायरीवर आवळून बसणारी हिटश्रिंक स्लीव्ह, लग आणि कनेक्टरचं मिक्स पाकीट. पैसे वाचवायचे तर मीटरवर वाचव, क्रिम्पिंग प्लायरवर वाचवू नको. टेस्ट लॅम्प घरीच कर: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, दोन क्लिपा. मीटरपेक्षा मी अजूनही याच्यावर जास्त भरोसा ठेवतो. शंभर धाग्यांतला एक धागा शिल्लक असलेली वायरपण मीटरला १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट घेतच नाही, पण २१ वॅटचा बल्ब लावला की लगेच मंद जळतो आणि दोष उघडा पडतो.

हाच बल्ब तुझ्या उडणाऱ्या फ्यूजसाठी वापरायचा. फ्यूज काढ आणि फ्यूजच्या दोन पायांच्या जागी बल्बच्या दोन क्लिपा लाव. ज्या लाइनचा फ्यूज असेल ती चालू कर, पण त्या लाइनवरचे बल्ब काढून ठेव. शॉर्ट असेल तर तुझा बल्ब फुल पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे काही जळणार नाही, निवांत शोधता येतं. मग हार्नेस हाताने हळूहळू हलवत जा, पुढून मागे, जिथे पत्र्याच्या भोकातून जातो तिथे जास्त, सीटखाली, मागच्या फालक्याजवळ, चासीच्या कडेने. एका जागी हलवल्यावर बल्ब मंद झाला किंवा विझला, ती जागा. बहुतेक वेळा भोकातलं रबर ग्रोमेट झडून गेलेलं असतं आणि पत्र्याच्या धारेने वायर कापलेली असते. फ्यूजवर फ्यूज उडवत बसू नको, आणि उडतोय म्हणून मोठा फ्यूज किंवा सिगरेटची चांदी अजिबात घालू नको. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. १० अँपिअरच्या वायरीवर ३० चा फ्यूज घातला की आता वायरच फ्यूज झाली, आणि ती डॅशबोर्डच्या मागे जळणार.

जुन्या जीपमध्ये फ्यूजच मोजके असतात आणि काही लाइनींना तर नसतातच. मी म्हणेन पहिल्या रविवारी नवीन फ्यूज बॉक्स घाल, दोन पायांच्या प्लास्टिकच्या फ्यूजचा, आठ-दहा घरांचा. ते फ्यूज रंगावरून ओळखता येतात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. बॅटरीतून फ्यूज बॉक्सला येणाऱ्या मुख्य वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, एक मोठा फ्यूज पाहिजे. पुढे कितीही फ्यूज असू दे, बॅटरी ते फ्यूज बॉक्स हा तुकडा उघडा राहिला तर त्याला वाचवणारं कोणी नाही. सेल्फची जाड केबल तेवढी फ्यूजशिवाय असते, म्हणून ती जाते कशी, कुठे घासत नाही ना, सायलेन्सरच्या पाइपाजवळ नाही ना हे वाकून बघ.

आता हेडलाइट, कारण रात्री फोंडा घाट उतरायचा असेल तर यातच जीव आहे. हेडलाइटचा एक बल्ब ५५ किंवा ६० वॅटचा, दोन मिळून साधारण ९-१० अँपिअर. जुन्या पद्धतीत हा सगळा करंट बॅटरीतून डॅशच्या स्विचमध्ये, तिथून डिप्परच्या स्विचमध्ये, मग परत पुढे, असा प्रवास करतो. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीला दर मीटर लांबीमागे सुमारे १८ मिलिओहम रेझिस्टन्स, चार मीटर लांब धरलीस तर ७० च्या आसपास, त्यातून ९ अँपिअर गेले की अर्ध्या व्होल्टच्या वर तिथेच संपलं. हे नव्या तांब्याचं झालं. तीस वर्षांची काळी पडलेली वायर, झिजलेला स्विच, सहा जोड, गंजलेली अर्थिंग, सगळं मिळून दोन व्होल्ट सहज जातात. आणि हॅलोजन बल्ब असा आहे की व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. म्हणून पिवळा दिसतो. लोक यावर १०० वॅटचे बल्ब घालतात, त्याने करंट १६-१७ अँपिअरवर जातो, वायरीत आणखी व्होल्ट पडतात, स्विच वितळतो, आणि उजेड फारसा वाढतही नाही. ते करू नको.

आधी मोज. हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या मागच्या प्लसच्या पिनवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. मग तसंच बॅटरीचा मायनस ते बल्बची अर्थिंग, तिथे ०.२ च्या वर आलं तर अर्थिंग घास. काही गाड्यांत, जपानी डिझाइनच्या जिप्सीसारख्या, बल्बला प्लस कायम असतो आणि स्विच मायनस जोडतो-तोडतो, तुझ्या गाडीत आधी कोणी काय जोडून ठेवलंय सांगता येत नाही, म्हणून लाइट बंद असताना बल्बच्या पिनांवर टेस्ट लॅम्प लावून एकदा खात्री करून घे.

प्लस स्विचमधून येत असेल तर रिले लाव, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, डिपला एक, अप्परला एक. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीतून फ्यूजमधून येणारी जाड वायर, ८६ ला स्विचमधून आलेली जुनी हेडलाइटची वायर, ८५ बॉडीला, आणि ८७ मधून नवी २ स्क्वेअरची वायर थेट बल्बला. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, ०.२ अँपिअरच्या आसपास, तो झिजलेला स्विचपण आरामात झेपवतो. एक सांगतो, डावा आणि उजवा हेडलाइट वेगळ्या फ्यूजवर ठेव. घाटात वळणावर फ्यूज उडाला आणि दोन्ही एकदम गेले तर समोर काही दिसत नाही, एक राहिला तरी गाडी कडेला घेता येते. चार जादाच्या वायरी लागतात, लागू दे.

वायर कुठली घ्यायची? ऑटो केबलच घे, घरातल्या फिटिंगची नको. घरातली वायरपण तांब्याचीच, पण तिचे धागे जाड आणि कमी असतात, सततच्या हादऱ्याने तुटतात, आणि डिझेल-ऑइल लागलं की तिचं पीव्हीसी फुगतं किंवा कडक होतं. ऑटोच्या दुकानात गुंडाळीवर १४/०.३० असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे ०.३० मिलिमीटरचे १४ धागे, ती साधारण १ स्क्वेअर. २८/०.३० म्हणजे २ स्क्वेअर, ४४/०.३० म्हणजे ३, ८४/०.३० म्हणजे ६. इंडिकेटर, टेल, मीटरचे बल्ब यांना १४ धाग्यांची पुरते, हेडलाइट, हॉर्न, वायपरला २८, फ्यूज बॉक्सच्या मुख्य लाइनला आणि अल्टरनेटरला ८४. हीटर प्लगला (थंड डिझेल इंजिन चालू व्हायला आतून तापवतो तो) तर जाड वायरच पाहिजे, चार प्लग मिळून ४० अँपिअरच्या वर घेतात. घेताना एक इंच सोलून बघ, धागा लालसर पाहिजे. वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली वायर बाजारात येते, चाकूने खरवडली की पांढरी दिसते. ती नको.

रंगाचं मात्र ऐक. इंग्लिश गाड्यांच्या जुन्या पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा जिवंत प्लस आणि काळी म्हणजे अर्थ. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजेच अर्थ. तुझ्या जीपमध्ये तीस वर्षांत पाच मिस्त्र्यांनी हाताला लागेल ती वायर जोडलेली असणार, एका टोकाला लाल आणि बॉनेटपाशी ती हिरवी झालेली मी रोज बघतो. म्हणून रंग बघून काही जोडायचं नाही, दोन्ही टोकं सोडून मीटरच्या बीपवर वायर ओळखायची आणि प्रत्येकीला मास्किंग टेपची पट्टी लावून बॉलपेनने लिहायचं, "उजवा इंडिकेटर मागे", "हॉर्न", असं. काही काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ, भरपूर, सगळ्या बाजूंनी. वहीत स्वतःचं चित्र काढ, हातानेच. तीन आठवड्यांनी तुला तेच उपयोगी पडेल.

तुझं पापडासारखं सुटणारं प्लास्टिक. डॅशखालची ती वायरिंग बदलायलाच लागेल, तिथे गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. पण डॅशखालची बदलायला लागली म्हणून चासीवरची मागे जाणारी बदलायलाच लागते असं नाही, ती आधी तपास. एका जागी जुना जोड उघड म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. काळी टेप सोडलीस की तिचा चिकटा बोटांना लागतो, आत दोन वायरी नुसत्या पीळ मारून जोडलेल्या, आणि तांबं काळंकुट्ट किंवा हिरवट. तिथून एक इंच कापून सोल, अजून काळं. आणखी दोन इंच. कधीकधी वीतभर गेल्यावर लाल चमकदार तांबं लागतं. ओल प्लास्टिकच्या आतून, धाग्याधाग्यातून चढत जाते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या माझ्याकडे पुढे वर्षभर येत होत्या, बाहेरून वायर नव्यासारखी, कपलर सोडला की आत हिरवी पूड. काळ्या तांब्यावर जोड टिकत नाही, सोल्डर धरत नाही, तिथे लग दाबण्यात अर्थ नाही. लाल तांबं लागेपर्यंत कापायचं, आणि एक फुटाच्या आत लागलं नाही तर ती वायर टोकापासून टोकापर्यंत नवी.

आणि एका वेळी एकच लाइन. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. हॉर्नची वायर काढली, नवी टाकली, तपासली, वाजला, मग इंडिकेटर. सगळा हार्नेस एकदम कापून काढलेली आणि मग अडकलेली जीप टेम्पोत घालून माझ्याकडे आलेली आहे, दोनदा. जुनी वायर ओढून काढताना तिच्या टोकाला नवी बांधून ओढ, वाट आपोआप मिळते.

जोडाचं म्हणशील तर मी दाबलेल्या लगाचा माणूस आहे. सोल्डर वाईट नाही, पण शिसं धाग्यांमधून अर्धा इंच आत चढतं, तेवढी वायर काडीसारखी कडक होते, आणि कडक संपून मऊ सुरू होते तिथे हादऱ्याने तुटते. जीपला हादरे कमी नाहीत. सोल्डर करायचंच तर रोझिन कोअरच्या, म्हणजे आत राळ भरलेल्या तारेने कर, पत्र्याला डाग द्यायचं अॅसिड वापरू नको, ते आत राहून तांबं खातं, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंनी वायर क्लिपने धरून ठेव. लग दाबल्यावर जोराने ओढून बघायचा, हातात आला तर बरंच झालं, रस्त्यावर सुटला नाही. वरून आत गोंद असलेली हिटश्रिंक स्लीव्ह, ती गरम केली की कडेने गोंद थोडा बाहेर येतो, तो आला म्हणजे पाणी बंद. स्लीव्ह वायरीत आधी ओवायची असते बरं का, जोड झाल्यावर आठवण येते. पक्कडीने किंवा हातोड्याने लग ठोकू नको, निदान सेल्फच्या केबलचा तरी नाही. ती डिझेल जीपला ३५ स्क्वेअरपेक्षा कमी नको, मी ५० घालतो, आणि तिचे लग हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतो. बॅटरीच्या दुकानात मापाने करून मिळते, ते काम बाहेरूनच करून घे.

वायर बांधताना काळी फ्लेक्झिबल नळी घाल, पत्र्याच्या प्रत्येक भोकात नवं रबर ग्रोमेट, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून चांगली वीतभर लांब, आणि लॅम्पमध्ये शिरायच्या आधी वायरीला खाली झोळ ठेव म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकून जातं, आत जात नाही. इंजिनवर जाणाऱ्या वायरीला थोडी सैल ठेव, इंजिन हलतं, बॉडी हलत नाही. उंदरांसाठी लोक तंबाखूची पानं, फिनेल काय काय ठेवतात, मला त्याचा फारसा अनुभव चांगला नाही. गाडी दर आठवड्याला चालव आणि शेडात गाडीजवळ पेंड, भुसा ठेवू नको, याचा फरक पडतो.

तुझ्या डॅशवर जुना अँमीटर असेल, सुई मधोमध आणि दोन्हीकडे प्लस-मायनस, तर मागे हात घालून त्याचे दोन नट बघ. त्या मीटरमधून गाडीचा जवळपास सगळा करंट जातो, सेल्फ सोडून. नट सैल झाला की तिथे ठिणगी आणि उष्णता, आणि ते केबिनमध्ये, फ्यूज नसलेल्या लाइनवर. मी तो काढून दोन्ही वायरी एका बोल्टवर पक्क्या जोडतो, वर रबरी टोपी, आणि त्या जागी व्होल्टमीटर बसवतो. त्यातून जास्त कळतंपण: गाडी रात्रभर उभी असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ म्हणजे चार्जिंग बरोबर. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी आणि बल्ब दोन्ही जाळेल, तसं चालवू नको. अल्टरनेटर उघडायचं काम तू करू नकोस, ते काढून बेंचवर तपासून आण.

क्रम असा धर: अर्थिंगचे तिन्ही टप्पे, मग मुख्य फ्यूज आणि फ्यूज बॉक्स, मग उडणाऱ्या फ्यूजचा शॉर्ट, मग हेडलाइटचे रिले, आणि डॅशखालचं शेवटी, निवांत, चार-पाच रविवार घेऊन. रात्री टॉर्चच्या उजेडात डॅशखाली काम करू नको, दमलेल्या डोळ्याला रंग कळत नाहीत.

राहिला वडिलांचा दुसरा हॉर्न. काढू नको. वेगळ्या स्विचवर आहे म्हणजे बहुतेक बॅटरीतून फ्यूजशिवाय सरळ ओढलेला असणार, त्यामुळे वायर नवी कर, हॉर्न आणि ब्रॅकेट तेच ठेव. हॉर्न साधारण चार-पाच अँपिअर घेतो, बटणातून तेवढा करंट नेऊ नको, त्यालाही रिले आणि १५ चा फ्यूज. वाजत नसेल तर मागे एक बारीक स्क्रू असतो, वाजवत वाजवत पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरव, गंजामुळे अडकलेला पडदा बहुतेक वेळा सुटतो. घोगरा वाजायला लागला तर अजून थोडा फिरव, आवाज स्वच्छ झाला की थांब आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाक म्हणजे हादऱ्याने हलणार नाही.